बक्षीस कशाचं द्यायचं?

1974 च्या जानेवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावातून एक खेळ विक्रीला आला. लाकडी फळीसारखा दिसणारा कागद चिकटवलेला खोका, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत 10 डॉलर. पहिल्या खेपेला 1000 प्रती छापल्या होत्या. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. खोक्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. होते फक्त नियम आणि कोष्टकं. त्यांतलं एक कोष्टक सांगत होतं, की योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला अनुभवाचे 2000 गुण लागतील, तिसरीला 4000, चौथीला 8000. आज कुणी फोनवर वा कॉम्प्युटरवर खेळताना 'लेव्हल वाढली' म्हणतं, त्या लेव्हलचं मूळ या कोष्टकात आहे.

हे आकडे कुणी सहज म्हणून लिहिलेले नव्हते. गुण कशाचे द्यायचे, मेल्यावर काय हिरावून घ्यायचं आणि लुटीत काय ठेवायचं, या तीन निर्णयांवर पुढच्या चाळीस वर्षांत लाखो माणसांनी आपल्या संध्याकाळी कशा घालवल्या हे ठरलं. बक्षीस ज्या गोष्टीचं असेल ती गोष्ट माणसं करत राहतात आणि बाकीचं सोडून देतात. प्रत्येक पिढीतल्या खेळकर्त्यांना हे नव्यानं शिकावं लागलं. त्या शिकण्याचा हा इतिहास.

चार माणसांइतका एक

या खोक्याच्या आधी खेळले जायचे ते युद्धखेळ. टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि मेलेला सैनिक उचलून बाजूला ठेवायचा. 1971 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक निघालं. त्याला एक काल्पनिक पुरवणी जोडलेली होती: जादूगार, ड्रॅगन आणि एकटाच चार माणसांइतका लढणारा 'हीरो'. आठ माणसांइतका लढणारा तो 'सुपरहीरो'.

मिनेसोटातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत डेव्ह वेस्ली यांनी त्याआधीच एक वेगळा प्रयोग केला होता. प्रत्येक खेळाडूला सैन्य न देता एकच माणूस चालवायला द्यायचा. त्यांच्याच कंपूतल्या डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक प्रांतात नेली आणि तिथल्या किल्ल्याखाली तळघरांचं जाळं रचलं. तेच खेळाडू आपापलं तेच पात्र घेऊन पुन्हा पुन्हा त्या तळघरात उतरू लागले.

इथे अडचण आली. युद्धखेळात एक घाव बसला की सैनिक संपला. शंभरातला एक गेला तर कुणाला वाईट वाटत नाही, पण आपला म्हणून जपलेला एकुलता एक माणूस पहिल्याच फटक्यात गेला तर वाटतं. खेळाडू कुरकुरू लागले. आर्नेसन यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं, की यावरचा तोडगा त्यांना स्वतःच्याच दुसऱ्या एका खेळात सापडला. अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी युद्धनौकांच्या त्या खेळात जहाज एका तोफगोळ्यानं बुडत नसे, किती मार सोसेल याचा आकडा ठरलेला असे. तो आकडा त्यांनी माणसाला लावला, आणि 'हिट पॉइंट' जन्माला आले.

1972 च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला जाऊन गायगॅक्सना हा खेळ खेळून दाखवला. गायगॅक्स यांनी ते सारं नियमांत बसवलं. त्या कोष्टकात जुन्या युद्धखेळाची खूण स्पष्ट दिसते. योद्ध्याच्या चौथ्या पातळीचं नाव आहे 'हीरो', आठवीचं 'सुपरहीरो'. 'चेनमेल'मधले चार आणि आठ माणसांचे आकडे आता शिडीच्या पायऱ्या झाले होते. जो पराक्रमी पूर्वी आयता मिळायचा, तो आता घडवावा लागणार होता.

नाण्याला एक गुण

घडवायचा, पण कशानं? पहिल्या नियमांत दोन वाटा होत्या. राक्षस मारला तर त्याच्या ताकदीच्या दर टप्प्यामागे 100 गुण, आणि तळघरातून सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं तर एक गुण. म्हणजे ऑर्क हा एका टप्प्याचा साधा राक्षस मारला की 100. हे फार स्वस्त पडतंय हे लवकरच ध्यानात आलं. 1975 च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीनं त्याच ऑर्कचे गुण 10 वर आणले. सोन्याचा दर मात्र तसाच ठेवला.

हा छोटा बदल नीट पाहण्यासारखा आहे. पहिल्या पातळीच्या योद्ध्याला दुसरी गाठायला 2000 गुण हवेत. केवळ मारामारीवर जायचं तर 200 ऑर्क मारावे लागतील, आणि तेही गुण सोबत्यांत वाटून न घेता. दोन-चार फासे वाकडे पडले की जीव जाईल अशी त्या पात्राची अवस्था. उलट एक पेटी शिताफीनं पळवली तर तेच काम एका रात्रीत होतं. त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळू लागले. पहारेकऱ्याला चुकवायचं, राक्षसाशी बोलणी करायची, आमिष दाखवून त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं, आणि मागच्या वाटेनं सोनं उचलायचं. सोन्याला वजन होतं; नियमांत ओझंच मुळी नाण्यांत मोजलेलं होतं. किती उचलायचं आणि पळता येण्यासाठी किती मागे सोडायचं, याचा हिशेब रंगायचा. लढाई म्हणजे बेत फसल्याची किंमत होती.

हे जमत होतं, कारण टेबलाच्या टोकाला पंच बसलेला असे. खेळाडूनं दोरी, तेलाचा बुधला आणि एक थाप यांच्या जोरावर काढलेली युक्ती चालेल की नाही, हे तो माणूस ऐकून ठरवायचा.

यंत्राला मोजता येतं तेवढंच

कॉम्प्युटरवर हा खेळ लगेचच गेला. इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शिक्षणासाठी बांधलेल्या संगणक जाळ्यावर, नारिंगी प्रकाशाच्या पडद्यांवर, 1975 मध्ये रस्टी रदरफोर्ड यांनी 'पेडिट5' लिहिला. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून नाव असं रुक्ष ठेवलेलं, तरी व्यवस्थापकांनी तो पुसून टाकलाच. त्याच काळात सदर्न इलिनॉय विद्यापीठातल्या गॅरी व्हिझनहंट आणि रे वुड यांनी 'डीएनडी' केला. त्यात शेवटी एक ड्रॅगन जादूचा गोल राखत बसलेला असे. तळघराच्या तळाशी बसलेला 'बॉस' तिथून पुढे या खेळांत कायमचा आला.

पण पंच गेला होता. थाप पचली की नाही हे यंत्राला कळत नव्हतं. त्याला कळत होतं, की शत्रूचे हिट पॉइंट शून्यावर आले. जे मोजता येतं त्याचेच गुण देणं सोपं पडतं, आणि या सोईतून खेळाचा स्वभाव पालटला.

1981 मध्ये अ‍ॅपल-2 वर आलेल्या 'विझर्ड्री'त हा पालट पुरा झाला. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी तो लिहिला. सहा जणांची टोळी, दहा मजल्यांचं तळघर, तळाशी दुष्ट जादूगार वर्डना. ग्रीनबर्ग यांचंच पहिलं नाव उलटं वाचून केलेलं. इथे सोन्यानं तलवारी आणि चिलखतं मिळत, अनुभव मिळे तो लढाईतूनच. शिक्षाही कडक होती. पात्र मेलं की फ्लॉपीवर तशी नोंद होई. देवळात पैसे भरून जिवंत करायला जावं तर विधी फसून राख हाती येई, आणि राखेवरचाही विधी फसला तर ते पात्र कायमचं गेलं. टोळी संपतेय असं दिसलं की खेळाडू घाईघाईनं फ्लॉपीच उपसून काढत.

अशा जागी माणसं काय करतील? सुरक्षित शिकार शोधतील. पहिल्याच मजल्यावर एका ठरावीक खोलीत मर्फीचं भूत भेटायचं. ते मारायला वेळ खायचं, पण त्याचा मार हलका आणि अनुभव भरघोस. खेळाडू त्या खोलीत पुन्हा पुन्हा जात, भूत मारत, सरायीत मुक्काम करून पातळी वाढवत आणि परत त्याच खोलीत येत. हेच पुढे 'ग्राइंडिंग' म्हणून ओळखलं गेलं. याचा दोष खेळाडूंच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. मरण महाग होतं आणि गुण फक्त मारण्याचे होते. या दोन अटींत भुताची खोली हेच शहाणपणाचं उत्तर होतं.

बक्षिसाचं सूत्रच बदलून पाहणारा एक माणूस याच काळात निघाला. 'अल्टिमा'चे कर्ते रिचर्ड गॅरियट यांना खेळाडूंच्या आणि पालकांच्या पत्रांतून कळलं, की आपल्या खेळात माणसं बिनदिक्कत चोऱ्या करतात, गावकऱ्यांनाही मारतात, कारण त्यात फायदा आहे. 1985 च्या 'अल्टिमा 4'मध्ये त्यांनी शेवटचा खलनायकच काढून टाकला. ध्येय ठेवलं आठ सद्गुण अंगी बाणवण्याचं. खेळ पडद्याआड हिशेब ठेवायचा. औषधी विकणारी आंधळी बाई 'इतके झाले' म्हणते, नाणी मोजून टाकायची तुम्हीच. कमी टाकली तर ती काही बोलत नाही, मात्र प्रामाणिकपणा घटतो. लढाईतून पळालात तर शौर्य घटतं. दुष्ट नसलेला प्राणी पळून जात असेल आणि तुम्ही त्याला जाऊ दिलंत, तर करुणा वाढते. लढाईचे गुण होतेच, पण त्यांच्या जोरावर खेळ जिंकता येत नव्हता. यंत्राला वागणूकही मोजता येते, फक्त ती मोजायची असं कुणीतरी ठरवावं लागतं, हे गॅरियट यांनी दाखवून दिलं.

राजाच्या दालनात

जपानमध्ये 'शोनेन जंप' या साप्ताहिकात लिहिणारे युजी होरी आणि तरुण प्रोग्रामर कोइची नाकामुरा हे 1983 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅपलच्या प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांना 'विझर्ड्री' भेटला. तो त्यांना आवडला. पण घरोघरीच्या फॅमिकॉम या खेळयंत्रावर खेळणाऱ्या, नियमपुस्तक कधी न पाहिलेल्या शाळकरी मुलाला हे कसं झेपावं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

27 मे 1986 ला आलेला 'ड्रॅगन क्वेस्ट' हे त्याचं उत्तर. सुरुवात राजाच्या बंद दालनात होते. बाहेर पडायचं तर पेटी उघडावी लागते, किल्ली घ्यावी लागते, पहारेकऱ्याशी बोलावं लागतं, दार उघडावं लागतं. तेवढ्यात सगळ्या आज्ञा शिकून होतात. बाहेर माळावर हसऱ्या चेहऱ्याचा निळा थेंब भेटतो. तो स्लाइम, अकिरा तोरियामा यांनी चितारलेला. तो मेला की एक गुण. दुसऱ्या पातळीला हवेत सात. म्हणजे सात स्लाइम मारले की तुतारी वाजते, आकडे वाढतात, आणि मुलाला काही न सांगता कळतं की या जगात चिकाटीला फळ आहे.

याहून मोठा निर्णय मरणाचा. नायक पडला की तो पुन्हा राजासमोर उभा राहतो. खिशातलं अर्धं सोनं जातं, अनुभव मात्र पूर्णच्या पूर्ण राहतो. 'विझर्ड्री'त चुकीची शिक्षा म्हणून सारं मातीला मिळायचं. होरी यांनी शिक्षा ठेवली पण अनुभवाच्या कमाईला हात लावला नाही. हात चपळ नसलेलं मूलही वेळ देऊन शेवटच्या ड्रॅगनपर्यंत पोचू शकत होतं. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत माणुसकीचा नियम वाटतो. 1988 च्या फेब्रुवारीत, बुधवारी, तिसरा भाग विक्रीला आला तेव्हा शाळा बुडवून मुलं रांगांत उभी राहिली, आणि पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी आणण्याची पद्धत पडली.

निळ्या अक्षरांची अंगठी

तिसरा मार्ग लुटीचा. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी, पुढे केन अर्नोल्ड यांच्या साथीनं, 'रोग' केला. त्यात तळघर दर वेळी नवं आणि मेलं की सारं संपलं. या घराण्यातले 'मोरिया' आणि 'अँगबँड' कॉलेजात मनसोक्त खेळलेले डेव्हिड ब्रेविक यांनी पुढे मित्रांसह कॉन्डर ही कंपनी काढली आणि 'डायब्लो' रचायला घेतला. आराखड्यात तो आळीपाळीनं खेळायचा होता: तुम्ही एक पाऊल टाका, मग राक्षस टाकेल.

प्रकाशक ब्लिझार्डचा आग्रह होता, की लढाई थेट, थांबा न घेता व्हावी. ब्रेविक यांचा विरोध होता. कंपनीत मतदान झालं, ते हरले. कामाला बराच वेळ लागेल म्हणून त्यांनी ब्लिझार्डकडे जादा पैसे मागितले आणि मग एका दुपारी बसून पाहिलं. पाळ्या तशाच ठेवल्या. फक्त सेकंदाला वीस पाळ्या आपोआप उलटू दिल्या. सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला, तलवार फिरली, हाडं विखुरली. या प्रसंगाबद्दल ब्रेविक यांनी 2016 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या व्याख्यानात भरभरून सांगितलं आहे. त्या दुपारी आपला विरोध चुकीचा होता हे त्यांना पटलं.

1996 संपता संपता 'डायब्लो' बाहेर पडला आणि त्यानं बक्षिसाला तिसरं रूप दिलं. राक्षस पडतो, जमिनीवर अंगठी टणकन वाजते, नाव निळ्या अक्षरांत. निळी म्हणजे जादूची, पण जादू कोणती ते कळत नाही. ट्रिस्ट्रम गावी परतायचं, म्हाताऱ्या केनला 100 नाणी द्यायची, मग तो सांगणार. उपसर्ग एका यादीतून, प्रत्यय दुसऱ्या यादीतून, दोन्ही चिठ्ठ्या टाकल्यागत. कधी कचरा, कधी घबाड. नियमित मिळणाऱ्या दाण्यापेक्षा कधीतरी अचानक मिळणारा दाणा प्राण्याला अधिक काळ कळ दाबायला लावतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दाखवलेलं होतं. 'डायब्लो'त मात्र त्या अनिश्चिततेला अर्थ होता: मिळालेली अंगठी घालून पुढच्या मजल्यावर उतरायचं असे.

दमणूक आणि विश्रांती

1999 चा 'एव्हरक्वेस्ट' हजारो माणसांना एकाच जगात घेऊन आला. तिथे मेलात तर अनुभव घटे, क्वचित पातळीही उतरे, आणि सारी सामग्री प्रेताजवळ पडून राही. ती आणायला उघड्या अंगानं त्याच धोक्यात जावं लागे. दुर्मीळ राक्षस कधी उगवेल म्हणून माणसं त्याच जागी तासन्‌तास ठाण मांडत. हाल होते, पण सोबती जिवाभावाचे मिळत, कारण एकट्यानं तिथे टिकताच येत नव्हतं.

2004 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' करताना ब्लिझार्डच्या लोकांना खेळाडूंनी अधूनमधून उठावं असं वाटत होतं. म्हणून त्यांनी दमणूक घातली: काही वेळ खेळलात की अनुभव निम्मा मिळणार. चाचणीतले खेळाडू भडकले. मग रॉब पार्डो आणि सहकाऱ्यांनी आकडे दुप्पट करून नावं फिरवली. सरायीत विसावून आलात तर 200 टक्के, विसावा संपला की नेहमीचे 100. पातळीला लागणारे गुणही त्याच हिशेबानं बसवलेले होते, म्हणजे वेग जुनाच. तक्रारी थांबल्या. आधी ज्याला दंड म्हणत होते त्यालाच लोक बक्षीस मानू लागले. ही युक्ती कल्पक होती, आणि तिनं धोक्याची जाणीवही करून दिली. माणसाच्या मनाची नस इतकी नेमकी सापडल्यावर ती कशासाठी दाबायची, हा प्रश्न नीतीचा होतो.

बाजारातली तलवार

त्या प्रश्नाचं उत्तर 15 मे 2012 ला आलेल्या 'डायब्लो 3'नं किंमत मोजून दिलं. खेळाडू एरवीही चोरबाजारात तलवारी विकतात, फसवले जातात. तर खेळातच लिलावघर असू द्यावं, खऱ्या पैशांतही, असं ब्लिझार्डनं ठरवलं. हेतू रास्त होता. पण लिलावघरात हजारोंची लूट एकत्र आली आणि तुमच्या राक्षसानं टाकलेली तलवार त्यापुढे नेहमीच फिकी पडू लागली. माणसं तळघर सोडून याद्या चाळू लागली. राक्षस मारायचे ते विकायला काही मिळावं म्हणून, आणि हवी ती तलवार घ्यायची दुकानातून. 18 मार्च 2014 ला ब्लिझार्डनं लिलावघर बंद केलं. त्याच सुमारास लुटीचे नियमही नव्यानं लिहिले: वस्तू कमी, पण खेळणाऱ्याच्या पात्राला उपयोगी पडतील अशा. खेळाला पुन्हा जीव आला.

त्याआधीच, 2009 मध्ये, जपानच्या हिदेताका मियाझाकी यांच्या 'डेमन्स सोल्स'नं दुसऱ्या टोकाचं उत्तर दिलं होतं. शत्रूकडून मिळणारे 'सोल्स' हेच चलन आणि हाच अनुभव. मेलात तर सगळे पडल्या जागी राहतात; तिथवर पुन्हा पोचलात तर परत मिळतात, वाटेत पुन्हा मेलात तर गेले. त्यामुळे प्रत्येक पावलाला वजन येतं. पातळी वाढवता येते, पण शत्रूचा हात कधी उठतो आणि ढाल कधी पुढे करायची हे शिकल्यावाचून सुटका नाही. आकडा आणि कसब यांची गाठ इथे पुन्हा पक्की बांधली गेली.

आता अनेक खेळांत रोज नुसती हजेरी लावल्याचं बक्षीस मिळतं, आणि पैसे भरून बंद पेट्या उघडता येतात. बेल्जियमनं 2018 मध्ये अशा विकतच्या पेट्या जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. अंगठी टणकन वाजते ती तशीच, पण तिच्यामागे आता उतरलेला मजला नाही, फसलेला बेत नाही, सोबत्यानं वाचवलेला जीव नाही; आहे ते फक्त पाकीट. अनिश्चिततेची जी ओढ होती ती उचलली, आणि तिला अर्थ देणारं साहस टाकून दिलं.

म्हणून खेळ घडवणाऱ्यांनी 'किती द्यायचं' याचा हिशेब मांडण्याआधी 'कशाचं द्यायचं' हे ठरवायला हवं. गायगॅक्स यांनी युक्तीचं दिलं, गॅरियट यांनी वागणुकीचं, होरी यांनी चिकाटीचं, मियाझाकी यांनी कसबाचं. आणि त्यांचे खेळाडू तसे घडले. हजेरीचं आणि पैशांचं बक्षीस देणारा खेळही आपल्या खेळाडूला घडवतच असतो. आपल्या मुलांच्या हातात कोणता खेळ आहे हे पाहताना त्यातली हिंसा किती हे आपण विचारतोच. त्यात बक्षीस कशाचं मिळतं, हेही तितक्याच काळजीनं विचारलं पाहिजे.